होस्टिंग कोलमडल्यानंतर जुना मराठी ब्लॉग परत उभा करताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. 2006 च्या सुमारास स्वतःच्या डोमेनवर (वेबपत्त्यावर) वर्डप्रेस हे ब्लॉग चालवण्याचे सॉफ्टवेअर बसवून सुरू केलेला मराठी ब्लॉग गेली काही वर्षे तसाच पडून होता. मध्यंतरी होस्टिंग कंपनीचा सर्व्हर काही दिवस बंद राहिला. तो पुन्हा चालू झाल्यावर काही लेख सापडत नाहीत, काही लेखांत अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसतात, बरीच छायाचित्रे उमटत नाहीत, आणि आपल्याला तर आता पुन्हा लिहायचे आहे. हे सगळे एकाच घटनेने झाले असे वरकरणी वाटते, पण माझ्या पाहण्यात तसे क्वचितच असते. सर्व्हर पडणे हे निमित्त असते. बहुतेक मोडतोड त्याआधीच्या दुर्लक्षाच्या वर्षांत झालेली असते आणि सर्व्हर हलला की ती एकदम उघडी पडते. कोणते नुकसान कशामुळे झाले हे वेगळे काढता आले तरच कोणता इलाज लागू पडेल ते कळते, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

पहिली गोष्ट म्हणजे आत्ता काहीही दुरुस्त करू नका. लॉगिन केल्याबरोबर वर्डप्रेस, थीम (ब्लॉगचे बाह्यरूप) आणि प्लगिन (जोडसुविधा) यांच्या अपडेटच्या सूचनांची रांग दिसेल. ते बटण दाबण्याचा मोह आवरा. नवा लेखही लगेच टाकू नका, कारण कंपनीचे काम अजून संपलेले नसेल आणि तिने उद्या आणखी जुना बॅकअप चढवला तर आपला ताजा लेख त्याखाली गडप होईल. हे मोठ्या कंपन्यांच्या बाबतीतही घडते. मे 2011 मध्ये गूगलच्या ब्लॉगर सेवेत देखभालीच्या कामात डेटा बिघडला, सेवा सुमारे साडेवीस तास विस्कळीत राहिली, आणि ती जुन्या स्थितीवर मागे नेल्यामुळे त्या दोन-तीन दिवसांतले लेख तात्पुरते नाहीसे झाले. ते नंतर परत चढवण्यात आले, कारण तिथे गूगलचे मनुष्यबळ होते. महिना शंभर-दोनशे रुपयांच्या सामायिक होस्टिंगकडून तशी अपेक्षा ठेवू नये.

त्याऐवजी, आहे त्या मोडक्या अवस्थेतच सर्व काही उतरवून घ्या. कंट्रोल पॅनलमधून ब्लॉगचे संपूर्ण फोल्डर घ्या, लपलेल्या फाइलींसकट. त्यातली एचटीअॅक्सेस नावाची फाइल पुढे उपयोगी पडणार आहे. पीएचपीमायअॅडमिन या डेटाबेस हाताळण्याच्या साधनातून डेटाबेसचा पूर्ण डंप, म्हणजे सगळा मजकूर असलेली एक फाइल, घ्या. वर्डप्रेसच्या 'टूल्स'मधली एक्सपोर्ट फाइल वेगळी घ्या, पण तिच्यावर विसंबू नका, कारण तिच्यात लेख आणि प्रतिक्रिया असतात, छायाचित्रांचे मात्र फक्त पत्ते असतात. मग कंपनीला फोनवर नव्हे तर तिकीट नोंदवून लेखी विचारा की बिघाडाच्या आधीच्या तारखेचा बॅकअप आहे का, आणि असल्यास तो चालू साइटवर न चढवता वेगळ्या फाइलीच्या रूपात मिळेल का. या प्रश्नाला घाई आहे. बहुतेक ठिकाणी बॅकअप ठरावीक दिवसांनी नव्या प्रतीखाली दडपले जातात, आणि काही आठवड्यांनी कंपनीकडे जो 'बॅकअप' उरतो तो बिघडलेल्या ब्लॉगचाच असतो.

कंपनीकडे काहीच नाही असे उत्तर आले तर नवल वाटून घेऊ नका. 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटासेंटरला आग लागून एक संपूर्ण इमारत भस्मसात झाली, तेव्हा काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात असल्याने गेले. जेफ अॅटवूड या प्रसिद्ध प्रोग्रॅमरचा 'कोडिंग हॉरर' हा ब्लॉग डिसेंबर 2009 मध्ये असाच उडाला. होस्टिंग कंपनीचे बॅकअप निकामी निघाले आणि त्याने स्वतः घेतलेले बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवलेले होते. पुढे इंटरनेट आर्काइव्ह (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणारी संस्था), शोधयंत्रांच्या साठवणी आणि वाचकांकडच्या प्रती यांतून त्याने तो जुळवला. संगणकाच्या धंद्यातल्या माणसाची ही गत असेल, तर आपल्याला अपराधी वाटण्याचे कारण नाही.

प्रती हाती आल्या की डोमेनकडे वळा. डोमेन आणि होस्टिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकाच कंपनीकडून घेतलेल्या असल्या तरी. डोमेनच्या नोंदणीत जो ईमेल पत्ता दिला आहे तो आज आपल्या ताब्यात आहे का ते आधी तपासा. जुन्या नोकरीतला किंवा बंद पडलेल्या सेवेवरचा पत्ता तिथे असणे ही दुर्लक्षित ब्लॉगची नेहमीची दुखरी जागा आहे. नूतनीकरणाच्या सूचना त्या मृत पत्त्यावर जात राहतात. डॉट कॉम डोमेनची मुदत संपल्यावर नोंदणीदार कंपनी थोडे दिवस सवलत देते. मग नोंद रद्द झाली की तीस दिवस जबर दंड भरून ते सोडवता येते, त्यानंतर पाच दिवसांत ते खुले होते, आणि जुन्या ब्लॉगांची नावे टिपायला माणसे टपलेली असतातच. डेटा पुन्हा मिळवता येतो, हातचे गेलेले डोमेन बहुधा येत नाही. म्हणून ईमेल बदलणे आणि काही वर्षांचे पैसे एकदम भरणे ही कामे डेटाबेस उघडण्याच्या आधी उरका.

आता अक्षरांच्या गोंधळाकडे येऊ, कारण मराठी ब्लॉगांच्या बाबतीत सर्वांत जास्त घबराट यानेच होते आणि सर्वांत जास्त नुकसान घाईच्या दुरुस्तीने होते. बिघडलेल्या लेखाकडे नीट पाहा. हा बिघाड तीन प्रकारचा असतो आणि तिघांचे भवितव्य अगदी वेगळे असते.

पहिल्या प्रकारात, डोक्यावर उलटी तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', त्यापाठोपाठ चार टोके असलेल्या छोट्या वर्तुळासारखे चलनाचे चिन्ह, मग आणखी एखादे चिन्ह, आणि पुन्हा तोच 'ए', अशी माळ दिसते. हे पाहून बरे वाटले पाहिजे, कारण मजकूर शाबूत आहे. यूटीएफ-8 या युनिकोड अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते आणि त्यांतले पहिले बाइट नेहमी तेच असते; ते बाइट 'लॅटिन-1' या रोमन अक्षरांच्या जुन्या संचातले समजून वाचले की ही माळ तयार होते. याचे मूळ आपल्या ब्लॉगच्या जन्मकाळात आहे. मे 2007 मध्ये आलेल्या वर्डप्रेस 2.2 च्या आधी डेटाबेसशी बोलताना अक्षरसंच कोणता हे सांगितलेच जात नसे आणि मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालीचा मूळ संच लॅटिन-1 होता. मराठी बाइट लॅटिन म्हणून आत जात आणि लॅटिन म्हणूनच बाहेर येत. दोन्हीकडे चूक सारखीच असल्याने ब्लॉग ठणठणीत दिसे. बिघाडानंतर कंपनीने डेटा नव्या सर्व्हरवर नेला, तिथे सर्वत्र यूटीएफ-8 गृहीत धरलेले होते, आणि ती मुरलेली चूक वर आली. बिघाडाआधीचा डेटाबेस किंवा जुना सर्व्हर उपलब्ध असेल तर लॅटिन-1 असा स्पष्ट उल्लेख करून डंप घ्या, फाइलीच्या सुरुवातीला असलेली अक्षरसंचाची ओळ आणि तक्त्यांच्या व्याख्येतले लॅटिन-1 हे शब्द यूटीएफ8एमबी4 (utf8mb4) असे करा, आणि रिकाम्या डेटाबेसमध्ये चढवा. जुना डेटा हाती नसेल तर आत्ताच्या डंपवर हीच क्रिया उलट चालवून पाहता येते. हे सारे प्रतीवरच करायचे. एकाच मजकुरावर दुरुस्ती दोनदा चालली तर बरोबर असलेले लेखही बिघडतात, आणि ब्लॉगमध्ये 2007 नंतरचे लेख वेगळ्या पद्धतीने साठलेले असण्याची शक्यता असतेच.

दुसरा प्रकार म्हणजे नुसती प्रश्नचिन्हे. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांच्या असतील तर डेटाबेसमध्ये खरोखरच प्रश्नचिन्हे लिहिली गेली आहेत; ज्या संचात देवनागरीला जागाच नाही त्यात रूपांतर करताना मूळ बाइट टाकून दिले गेले. यावर कोणतीही आज्ञा चालत नाही. कोणी 'कन्व्हर्ट करून देतो' म्हणून पैसे मागितले तर देऊ नका; हा मजकूर दुसरीकडून आणावा लागेल, त्याबद्दल पुढे लिहितो. याचाच एक चुलतभाऊ असा की लेख मध्येच, बहुधा एखाद्या इमोजीपाशी, तुटतो आणि पुढचे सगळे गायब असते. मायएसक्यूएलच्या जुन्या 'यूटीएफ-8' मध्ये तीन बाइटपर्यंतचीच चिन्हे मावत, इमोजी चार बाइटचे असते, आणि सैल नियमांच्या सर्व्हरवर तिथून पुढचा मजकूर मुकाट्याने छाटला जाई. वर्डप्रेसने एप्रिल 2015 च्या 4.2 आवृत्तीपासून चार बाइटचा संच वापरायला सुरुवात केली. असे तुटलेले लेख सर्व्हरच्या बिघाडाने तुटलेले नसतात, ते तेव्हाच तुटले होते. आपण पाहिले नव्हते इतकेच.

तिसऱ्या प्रकारात रोमन अक्षरांची निरर्थक जुळणी दिसते. हा बिघाड नव्हेच. युनिकोडपूर्व काळातील फाँटमध्ये टंकलेला मजकूर जुन्या साइटवरून आणून चिकटवला असेल तर तो फाँट असेपर्यंत मराठी दिसतो, फाँट गेला की रोमन. त्या फाँटचे नाव आठवत असेल तर त्यासाठीचा परिवर्तक वापरून तो युनिकोडमध्ये आणता येतो. र्‍ह, र्‍य अशी जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांट्या मात्र हाताने तपासाव्या लागतात, कारण त्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जाई.

लेख 'गायब' आहेत याची खात्री करण्याची एक सोपी कसोटी आहे. मुखपृष्ठ दिसते पण कोणताही लेख उघडला की '404' येते, अशी स्थिती असेल तर लेख जागेवरच आहेत, फक्त पत्ते जुळवणाऱ्या एचटीअॅक्सेस फाइलीतले नियम पुसले गेले आहेत. वर्डप्रेसच्या पर्मालिंकच्या (लेखांच्या कायम पत्त्यांच्या) पानावर जाऊन काहीही न बदलता 'सेव्ह' केले की ते पुन्हा लिहिले जातात. लेखांची यादीच रिकामी दिसत असेल तर लेखांचा तक्ता 'क्रॅश' झाला असण्याची शक्यता तपासा. 2010 च्या आधीचे ब्लॉग बहुधा मायआयसॅम पद्धतीच्या तक्त्यांवर असतात, सर्व्हर अचानक बंद पडला की ते बिघडतात, आणि 'रिपेअर टेबल' या आज्ञेने बऱ्याचदा पूर्ववत होतात. ही आज्ञाही आधी प्रतीवर.

इतके करूनही जे लेख मिळत नाहीत त्यांच्यासाठी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनकडे जावे. तिथे लेखाचा पत्ता अचूक हवा, म्हणून आधी ब्लॉगच्या मासिक संग्रहांची पाने उघडा. एका मासिक पानावर अनेकदा दहा-दहा लेख पूर्ण मिळतात. पानावर दिसणारी चित्रे वेगळ्या तारखेला साठवलेली असू शकतात हे लक्षात ठेवा. ऑक्टोबर 2024 मध्ये आर्काइव्हवरच सायबर हल्ला होऊन ते काही दिवस बंद होते, म्हणून सापडलेला लेख 'नंतर उतरवू' म्हणून ठेवू नका. गूगलच्या जुन्या 'कॅश्ड' प्रतींचा मार्ग 2024 मध्ये बंद झाला आहे. प्रतिक्रियांसाठी मात्र एक हमखास जागा आहे आणि ती बहुतेकांना सुचत नाही: आपलीच मेलपेटी. वर्डप्रेस प्रत्येक प्रतिक्रियेची सूचना लेखकाला पाठवते आणि तिच्यात नाव व संपूर्ण मजकूर असतो; वेळ मेलच्या तारखेवरून कळते. त्या काळातला ईमेल पत्ता चालू असेल तर लेखाच्या शीर्षकाने शोधा. आपणच आपल्या ब्लॉगचे ईमेल वर्गणीदार असाल तर लेखही तिथेच मिळतील.

मिळालेले लेख चढवताना जुना पत्ता अक्षरशः तोच राहील याची काळजी घ्या. माझ्या मते ही काळजी मजकुराइतकीच महत्त्वाची आहे, कारण गेल्या पंधरा-वीस वर्षांत इतरांनी दिलेले सगळे दुवे त्या पत्त्यांवर येतात. इथे मराठीची खास अडचण आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह वेबपत्त्यात टक्केचिन्हांसह नऊ चिन्हांचे होते आणि वर्डप्रेस लेखाच्या नावाचा पत्ता दोनशे चिन्हांवर तोडते. 'महाराष्ट्र' या शब्दात काने आणि हलंत धरून दहा चिन्हे आहेत, म्हणजे एकटा हा शब्दच नव्वद जागा खातो. त्यामुळे लांब शीर्षकांचे पत्ते बाविसाव्या चिन्हाच्या आसपास, शब्दाच्या मध्येच तुटलेले असतात. शीर्षकावरून पत्ता हाताने 'नीट' टंकला तर तो जुन्या पत्त्याशी जुळणार नाही. तुटका पत्ता तुटकाच ठेवा. नव्या वर्डप्रेसमध्ये आयात करण्यापूर्वी तिथले नमुन्याचे लेख आणि पाने कायमची काढून टाका, नाहीतर ज्या पत्त्यांत लेखाचा केवळ क्रमांक असतो त्यांचे सुरुवातीचे आकडे आधीच अडलेले असतात.

छायाचित्रांचे निदान लवकर होते. चित्राच्या पत्त्यात आपलेच डोमेन असेल आणि ते 'अपलोड्स' फोल्डरमध्ये नसेल तर ते बिघाडात गेले. पत्ता दुसऱ्याच सेवेचा असेल तर आपल्या होस्टिंगचा त्याच्याशी संबंध नाही. फोटोबकेटने 2017 मध्ये बाहेरच्या साइटवर चित्रे दाखवण्यासाठी वर्षाला 399 डॉलर मागायला सुरुवात केली तेव्हा जगभरातल्या असंख्य लेखांतली चित्रे एका रात्रीत झाकली गेली.

आता सुरक्षेचा भाग. अनेक वर्षे अपडेट न झालेल्या वर्डप्रेसमध्ये कोणी शिरले नसेल असे मी धरून चालत नाही. वापरकर्त्यांच्या यादीत अनोळखी प्रशासक, 'अपलोड्स' फोल्डरमध्ये चित्रांच्या शेजारी पीएचपी फाइली, लेखांच्या तळाशी वाचकाला न दिसणारे औषधांचे किंवा जुगाराचे दुवे, ही नेहमीची लक्षणे आहेत. शोधयंत्रात केवळ आपल्या डोमेनपुरता शोध घेतला आणि जपानी मजकुराची पाने आली तर शंकाच नको. अशा ब्लॉगवर अपडेट चढवत बसू नये. नवे वर्डप्रेस कोऱ्या जागेत बसवावे, त्यात तपासलेला डेटाबेस आणि फक्त चित्रांच्या फाइली आणाव्यात, सर्व पासवर्ड आणि कॉन्फिग फाइलीतल्या गुप्त किल्ल्या बदलाव्यात. जुनी थीम तशीही चालणार नाही. जुन्या थीम आणि प्लगिन ज्या आज्ञांवर उभ्या होत्या त्यांतल्या अनेक पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे ती) 7 आणि 8 मध्ये काढून टाकल्या आहेत, म्हणून नव्या सर्व्हरवर पांढरे पान दिसते. त्यासाठी पीएचपीची जुनी आवृत्ती मागून घेणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे होय. नवी थीम निवडताना अक्षरांमधले अंतर वाढवणारी टाळा, त्याने शिरोरेषा तुटते. आणि ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा.

डेटाबेसमध्ये जुना पत्ता बदलून नवा करायचा झाल्यास साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये 'शोधा आणि बदला' करू नका. विजेट आणि थीमच्या मांडणीसारख्या नोंदींत मजकुराची बाइटमधील लांबीही साठवलेली असते, ती जुळली नाही की ती मांडणी कोरी होते. त्यासाठी डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसला आज्ञा देण्याच्या साधनाची आज्ञा किंवा तेच काम करणारे प्लगिन वापरावे.

ज्यांचे जुने ब्लॉग ब्लॉगस्पॉटवर, म्हणजे गूगलच्या ब्लॉगर सेवेच्या पत्त्यावर, आहेत त्यांनाही एक सांगणे आहे. 2012 पासून भारतातील वाचकांना डॉट कॉमऐवजी डॉट इन पत्त्यावर नेले जाई आणि बहुतेकांनी तोच पत्ता नकलून दुवे दिले. पुढे गूगलने ही पद्धत थांबवली आणि 2020 मध्ये ब्लॉगस्पॉट डॉट इन हे डोमेनच गूगलच्या हातून निसटले. ब्लॉग गेला असे समजून अनेक जण हळहळले. पत्त्यात 'इन'च्या जागी 'कॉम' लिहिले की तो जागेवर सापडतो. मराठी शीर्षकातून पत्ता न बनवता आल्याने ब्लॉगरने दिलेले 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे आकडा असे पत्ते कितीही निर्जीव वाटले तरी दुसरीकडे जाताना तेच टिकवावेत.

पुढे कुठे राहावे याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. वर्षाला चार-पाच लेख लिहिणाऱ्याने स्वतः वर्डप्रेस सांभाळू नये. जुना ब्लॉग साध्या एचटीएमएल पानांच्या रूपात, त्याच पत्त्यांवर, गोठवून ठेवावा, आणि नवे लेखन देखभाल करणाऱ्या एखाद्या सेवेवर उपडोमेन घेऊन करावे. गोठवलेल्या पानांत शिरायला दार नसते आणि ती कोणत्याही सर्व्हरवर चालतात. नवी सेवा निवडताना तिची एक्सपोर्टची सोय पहिल्याच दिवशी वापरून पाहा. टाइपपॅड ही जुनी ब्लॉगसेवा ऑगस्ट 2025 मध्ये बंद होत असल्याचे जाहीर झाले आणि 30 सप्टेंबर 2025 रोजी बंदही झाली. सामान आवरायला लेखकांना जेमतेम महिना मिळाला. दरमहा एक प्रत घरच्या संगणकावर आणि एक वेगळ्या कंपनीच्या साठवणीत ठेवावी, आणि वर्षातून एकदा तरी ती प्रत्यक्ष उघडून लेख वाचता येतात का ते पाहावे.

जुन्या लेखांतले मृत दुवे आणि तेव्हाची मते यांना मी हात लावत नाही. फार तर शेवटी तारखेसह एक ओळ जोडावी. साठलेल्या हजारो स्पॅम प्रतिक्रिया एका झटक्यात पुसू नका, त्यांत दोन-चार खऱ्या वाचकांची पत्रे अडकलेली असतात. देवनागरी अक्षर असलेल्या प्रतिक्रिया आधी वेगळ्या काढल्या की काम हलके होते. इतक्या वर्षांच्या गैरहजेरीबद्दल दिलगिरीचा लेख लिहू नका, तो कोणालाच वाचायचा नसतो. पहिला नवा लेख नेहमीसारखाच असावा, त्याचा पत्ता मात्र स्वतः रोमन लिपीत आखूड लिहावा, एखादे इमोजी आणि 'र्‍हास'सारखा शब्द त्यात असू द्यावा, आणि तो प्रकाशित झाल्यावर मोबाइलवर, फीडमध्ये (नव्या लेखांच्या आपोआप बनणाऱ्या यादीत) आणि डेटाबेसच्या नव्या डंपमध्ये, तिन्हीकडे सारखाच उमटतो का ते तपासावे. उमटत नसेल तर जुने लेख अजून चढवू नका. अक्षरसंचाची जोडणी कुठेतरी चुकलेली आहे.